खैरवटचे जहागीरदार

निजामपुरा, बडोदे
१४ जुलै २०२४, रविवार

प्रिय ध्रुव,

'बाबांवर पांघरूण घालणं थांबवशील तेव्हाच फोन कर,' असं तू तुझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी म्हणालास. मी फोन केलेला नाही. हे पत्र आहे, आणि पत्राबद्दल तू काही बोलला नव्हतास. अबोलीच्या वडिलांचं आडनाव ऐकून बाबा लग्नाला आले नाहीत आणि मी मांडवभर त्यांचं पोट बिघडल्याचं सांगत फिरले, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. ते उगाळायला लिहीत नाहीये.

लिहायचं कारण वेगळंच आहे. तुझी खैरवटची जहागीर आता मी चालवते.

हसायचं तेवढं हसून घे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आपण काय करतो ते बोलून सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो, असं तू मला स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून समजावलं होतंस. मी म्हणाले होते, 'म्हणजे भातुकली.' तू रॉटरडॅमला गेलास आणि दोन-तीन रविवार घर अगदी सुनं झालं. मग तुझे दोस्त सौमित्र आणि प्रिया विचारायला आले. समोरच्या विंगेतच तर राहतात. 'काकू, नकाशे तुम्हीच काढायचात, पुढचंही तुम्हीच सांगा ना.' भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलं माझं. नद्या कुठून निघतात आणि माणसं कुठे वस्ती करतात एवढं तरी कळतं. मी हो म्हणाले. आणि तिसऱ्या खुर्चीवर कोण येऊन बसलं असेल? बाबा.

'सरहद्दीवरची ओसाड जहागीर? तीन बाजूंनी जंगल, चौथीकडे दलदल, आणि ती वसवायची? अगं, आमच्या पणजोबांनी दुसरं काय केलं?' पणजोबा गायकवाड सरकारचे वहिवाटदार होते, हे मी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात ऐकलं होतं आणि त्यानंतर दर आठवड्याला ऐकत आले. तर बाबा जहागीरदार वीरधवल झाले. सौमित्र सेनापती, प्रिया वैद्य. आणि खोटं कशाला सांगू, बाबा चांगलं खेळतात. जंगल तोडताना पाणवठे राखतात. पहिल्या वर्षी सारा माफ करतात. सुतार, गवंडी, धनगर, सगळ्यांना नावानिशी ओळखतात. आपल्या वॉचमनचं नाव त्यांना अजून माहीत नाही, ते सोड.

आज दलदलीतून पाणथळे आले. मी नवीन केलेत: हिरवट अंगाचे, बोटांना पडदे असलेले. त्यांच्या मागे काहीतरी भयंकर लागलं होतं. कोटाचं फाटक बंद करायचं की उघडायचं, एवढाच प्रश्न. सौमित्र म्हणाला, कोठारात धान्य कमी आहे. प्रिया म्हणाली, रोग आणतील. आणि बाबा उठून उभे राहिले. आपल्या जेवणाच्या टेबलापाशी, बनियनवर. 'जोवर मी खैरवटचा जहागीरदार आहे, तोवर हे फाटक कुणाच्या तोंडावर बंद होणार नाही. धान्य संपलं तर आधी माझं ताट रिकामं राहील.'

प्रियाने टाळ्या वाजवल्या. सौमित्र म्हणाला, 'काका, अंगावर काटा आला.'

मलाही आला, पण दुसऱ्या कारणाने. याच माणसाने तासाभरापूर्वी, सेक्रेटरी म्हणून, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं की कामवाल्या बायकांनी लिफ्ट वापरू नये, वास येतो. मी ते वाचूनच चहा करायला उठले होते.

एवढंच. अबोलीला आशीर्वाद.

तुझी,
आई


निजामपुरा, बडोदे
५ सप्टेंबर २०२४

प्रिय ध्रुव,

पुराच्या बातम्या तुमच्याकडेही पोचल्या असतील. आम्ही ठीक आहोत. पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी होतं, बाबांची गाडी गेली, लाइट कितीतरी वेळ नव्हती. आता पाणी उतरलंय आणि चिखल राहिलाय. चिखल म्हणजे नुसती माती असते, असं मी इतकी वर्षं मुलींना शिकवत आले. पुराच्या चिखलात काय काय असतं ते आता कळलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक मेलेलं डुकराचं पिल्लू तीन दिवस होतं. कुणी हात लावेना. तो वास अजून माझ्या केसांत आहे. डोकं धुते, पुन्हा धुते.

एक गोष्ट सांगायची आहे. सरळ सांगते.

आपल्या मागच्या भिंतीपलीकडची बैठी घरं आठवतात ना, कांसेच्या, त्या मोठ्या पावसाळी नाल्याच्या काठची? तिथे कांचन राहते. माझी विद्यार्थिनी, आता एका दवाखान्यात नर्स आहे. नवरा दुबईला. घरी सासू रेवाबा आणि लहान मुलगी. पूर्वी ही मंडळी आपल्या मागच्या फाटकातून ये-जा करायची, रस्ता जवळ पडतो म्हणून. जूनमध्ये कुणाची तरी मोटारसायकल चोरीला गेली आणि सोसायटीने ठराव करून त्या फाटकाला कुलूप घातलं. किल्ली सेक्रेटरीकडे. भिंतीवर काचा लावल्या. त्या आधीपासून नव्हत्या, तू गेल्यावर लावल्या.

त्या मंगळवारी दुपारी कांसेचं पाणी उलटं फिरलं. आपल्याकडे अजून घोटाभर होतं तेव्हा त्यांच्याकडे मांडीपर्यंत चढलं होतं, कारण ती घरं खोलगट भागात आहेत. मी गॅलरीतून बघत होते. कांचन, तिच्या कडेवर मुलगी, पाठीशी रेवाबा, आणि शेजारपाजारची दहा-बारा माणसं मागच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. तिने मला पाहिलं.

'बेन! ताळुं खोलो ने! दादरा पर बेसी रहीशुं!'

कुलूप उघडा, जिन्यात बसू, एवढंच मागत होती. मी आत धावले. 'अहो, किल्ली द्या.' बाबा खण उघडत होते, कागद उपसत होते. 'शोधतोय, शोधतोय. इथेच ठेवली होती.' मी फाटकाशी गेले, त्यांना सांगितलं, 'मिळतेय, थांबा.' पुन्हा वर आले. बाबा आता कपाटात शोधत होते. पुन्हा खाली. पाणी रेवाबांच्या कमरेला लागलं होतं. मी फाटकाच्या सळ्यांतून बिस्किटांचा पुडा दिला. ध्रुव, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला मी बिस्किटं दिली. कांचनने ती घेतली आणि 'थँक यू, बेन' म्हणाली.

मी कुलपावर वरवंटा घातला. माझ्या हातून काय तुटणार?

वरून सौमित्र ओरडला, 'काकू, त्यांना मेन रोडने जायला सांगा, तिकडे ट्रॅक्टर आलेत!' ते वळले. वळसा लांबचा आहे, तुला माहीत आहे. पाण्याखाली गटाराचं झाकण नव्हतं. रेवाबांचा पाय त्यात गेला. खुब्याचं हाड मोडलं. ट्रॅक्टरमध्ये घालून नेलं म्हणे, त्या हाडासकट, त्या रस्त्याने.

बाबांना किल्ली दुसऱ्या दिवशी सापडली. 'टेन्शनमध्ये माणसाला सुचत नाही,' म्हणाले. ते दोन दिवस जेवले नाहीत नीट. मला वाटतं, त्यांनाही लागलं.

आई


१६ सप्टेंबर २०२४

ध्रुव,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोडायला ते पत्र आता माझ्याकडे नाही, म्हणून हे लिहिते.

काल रविवार. पुरानंतर पहिल्यांदाच तिघं टेबलाशी बसली. मला खेळायचं नव्हतं. पण प्रिया बटाटेवडे घेऊन आली, सौमित्र म्हणाला, 'काकू, आता जरा नॉर्मल व्हायला हवं,' आणि बाबांनी नकाशा आधीच पसरून ठेवला होता. फासे रांगेत लावले होते. पुराच्या घाणीत हात न घालणारा माणूस फासे पुसून ठेवतो.

पाणथळ्यांना कोटात घेतलंय, आता त्यांना कुठे वसवायचं, असा विषय होता. वड्याचा घास तोंडात, आणि प्रिया सहज, अगदी कौतुकाने म्हणाली, 'काकू, त्या दिवशी काका काय कूल होते ना! किल्ली खिशात, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मी असते तर माझा हात थरथरला असता.'

मी म्हणाले, 'कुठल्या खिशात?'

तिला वाटलं मला माहीत आहे. सगळ्यांना माहीत होतं. सौमित्रला बाबांनी त्या दुपारीच सांगितलं होतं. हे तिघं तीन गॅलऱ्यांत उभे राहून बघत होते आणि मी खाली-वर, खाली-वर करत होते. प्रियाने त्याचा व्हिडिओही काढलाय. त्यात माझी पाठ दिसते आणि वरवंटा.

मी बाबांकडे पाहिलं. 'शर्टाच्या?'

'मृदुला, तुला सांगितलं असतं तर तू उघडलं असतंस.'

'हो.'

'म्हणून नाही सांगितलं.' जणू आजारी बाईपासून रिपोर्ट लपवला, इतक्या समजूतदार आवाजात. 'हे बघ. जिन्यात बसले असते. जिन्यात बसले म्हणजे एक-दोन दिवस राहिले असते. संडास कुणाचा वापरला असता? तळमजल्यावरचे जोशी तयार होते का? पोलिसांना कोण तोंड देणार? मी सेक्रेटरी आहे. मला भावनेवर चालता येत नाही.'

'पाणथळे कुणाचा संडास वापरतात?'

'काय?'

'कोटात दोनशे पाणथळे घेतलेत तुम्ही. टाळ्या वाजल्या होत्या. ते कुठे जातात?'

ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांना खरोखर प्रश्न कळला नव्हता. मग हळूच, मला काही झालंय की काय अशा स्वरात म्हणाले, 'अगं, तो खेळ आहे. खेळात जिना घाण होत नाही.'

सौमित्रने वडा खाली ठेवला. 'काकू, हे पर्सनल होतंय. इथे आपण रिलॅक्स व्हायला येतो ना? गेम वेगळा, लाइफ वेगळं.'

'सौमित्र, तुझी आई आजारी होती तेव्हा रात्रंदिवस कांचन ड्यूटीला होती.'

'मग? आम्ही तिला पैसे दिले होते, काकू.'

मी बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. मागे बाबांचा आवाज: 'ती जरा दमलीय. आपण तेवढं वसाहतीचं ठरवून टाकू. नदीकाठची जमीन द्यावी असं माझं मत आहे. शेवटी आपल्या आश्रयाला आलेली माणसं आहेत.'

आपल्या आश्रयाला आलेली! मी परत गेले, टेबलावरचा नकाशा उचलला, त्याच्यावरचे फासे जमिनीवर सांडले, प्रिया ते वेचायला वाकली. मी म्हणाले, 'निघा.' सौमित्र हसायचा प्रयत्न करत होता. 'निघा माझ्या घरातून. वडे घेऊन जा.'

मला आता जेवताना त्यांच्या समोर बसवत नाही. त्यांच्या चावण्याचा आवाज येतो. चाळीस वर्षं येत असणार. मला आता ऐकू येतो.

आई


२० ऑक्टोबर २०२४

प्रिय ध्रुव,

तुझी खोली मी तुला न विचारता देऊन टाकली. रेवाबा आता तिथे आहेत. ऑपरेशन झालं, पण त्यांच्या घराच्या भिंती अजून ओल्या आहेत, जमीन फुगलीय, आणि डॉक्टरांनी पडू द्यायचं नाही म्हणून बजावलंय. कांचनला दवाखान्यात जावं लागतं. मी तिच्याकडे गेले आणि म्हणाले, हाड जुळेपर्यंत त्यांना माझ्याकडे ठेव. तिने लगेच हो म्हटलं नाही. मग म्हणाली, 'बेन, साहेबने वांधो नहीं आवे?' साहेबांची हरकत नाही का? मी म्हणाले, घर माझंही आहे.

साहेबांची हरकत होती. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. रेवाबांच्या खोलीवरून जाताना नाकाला रुमाल लावायचे. बेडपॅनचा वास येतो, म्हणाले. येतोच. मी ते रोज धुते, आणि खरं सांगते, मला त्याची किळस येत नाही.

मला किळस पुढच्या गोष्टीची येते. चौथ्या दिवशी लिफ्टमध्ये चेअरमनच्या बायकोने बाबांना म्हटलं, 'अरविंदभाई, तमे तो देव माणस छो.' त्या दिवसापासून रुमाल गेला. आता दार उघडं टाकून, जिन्यात कुणी असेल तर जरा मोठ्यानेच, 'केम छो बा? जम्यां?' अशी जेवणाखाणाची चौकशी. रेवाबा बिचाऱ्या हात जोडतात. परवा बाबांनी त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून फोटो काढून घेतला. हातात औषधाचा चमचा. चमचा रिकामा होता, ध्रुव. औषध मी आधीच दिलं होतं. फोटो ग्रुपवर गेला, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. सौमित्रने लिहिलं: 'आमचे जहागीरदार.'

मी त्यांना विचारलं, 'लाज नाही वाटत?' ते दुखावले. 'चांगलं केलं तरी तुला खुपतं. मग माणसाने करायचं काय?'

आणि मला उत्तर सुचलं नाही. तेही मला सहन होत नाहीये.

आई


१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय ध्रुव,

तुझं कार्ड आलं. एवढ्या पत्रांना एक ओळ: 'मग तू अजून तिथे का?' अक्षर बघून बरं वाटलं. ओळ वाचून राग आला. तिथे एक म्हातारी झोपलीय म्हणून, असं उत्तर तयार होतं. ते अर्धंच खरं आहे हे लिहायला बसल्यावर कळलं, म्हणून उशीर झाला.

परवा रविवारी आपल्या मंडळाचं दिवाळी स्नेहसंमेलन झालं. पूरकाळातील सेवाकार्याबद्दल श्री. अरविंद यांचा सत्कार, असं पत्रिकेतच छापलं होतं. कांचनलाही बोलावलं, तिने दोन शब्द बोलावेत अशी सगळ्यांची इच्छा. त्या दिवशी सकाळी ती रेवाबांना अंघोळ घालायला आली तेव्हा स्वयंपाकघरात माझ्यापाशी थांबली. आम्ही दोघी गुजराती-मराठी मिसळून बोलतो, तसंच बोलली.

'बेन, मी काय बोलायचं?'

'काही नाही. जाऊच नकोस.'

'जावं तो पडे. बा अजून महिनाभर उठणार नाहीत. खोली पाहिजे ना.' आणि मग भांड्यातलं पाणी ओतता ओतता, माझ्याकडे न बघता: 'मला माहीत आहे, बेन. किल्लीचं. तुमच्या त्या प्रियाबेनने व्हिडिओ पाठवला होता, आमच्या दवाखान्यातल्या एका बाईला. त्यात त्या हसतायत आणि कुणीतरी म्हणतंय, खिशात आहे.'

हे माहीत असून ती रोज आपल्या घरी येत होती. बाबांना नमस्ते करत होती. मी तिला म्हणाले, 'तू येऊ नकोस. रेवाबांच्या खोलीला काही होणार नाही, मी बघते.'

कांचन आली नाही. हॉलमध्ये अत्तराचा वास मारत होता. तुझ्या ओळखीचे सगळे होते, इस्त्रीचे झब्बे, पैठण्या. दिवाणांचे नातू, खासगी कारभाऱ्यांचे पणतू, आता विमा आणि बँका. सौमित्रने ओळख करून दिली: पणजोबांपासून सुरुवात. 'लोकांना आश्रय देणं हे काकांच्या रक्तातच आहे.' शाल, श्रीफळ. बाबांनी मान झुकवली. ती मान झुकवणं मी ओळखलं. वीरधवल अशीच झुकवतो.

मग निवेदिकेला हुक्की आली. 'वहिनींनीही दोन शब्द बोलावेत.'

मी गेले. माइक माझ्या उंचीला खाली करावा लागला, त्यात थोडा वेळ गेला, आणि त्या वेळात मला न बोलता परत येता आलं असतं. मी म्हणाले, 'पुराच्या दिवशी मागच्या घरांतली माणसं आमच्या फाटकाशी आली होती. पाणी कमरेपर्यंत होतं. यांनी किल्ली सापडत नाही म्हणून सांगितलं. किल्ली यांच्या शर्टाच्या खिशात होती. रेवाबांचं हाड त्यामुळे मोडलं. सत्कार कशाचा ते मला माहीत नाही.'

अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, 'बरं, आता फराळाची व्यवस्था मागच्या बाजूला केली आहे.' आणि ध्रुव, माणसं उठली. चकल्यांच्या रांगेत उभी राहिली. मंदाकिनीवहिनी, ज्यांच्याबरोबर मी पंचवीस वर्षं भिशी केली, त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, 'घरातलं घरात बोलायचं असतं गं, चारचौघांत नवऱ्याची शोभा करतात का?' कुणी रेवाबांचं हाड विचारलं नाही. बाबांच्या पाठीवर मात्र तीन-चार जणांनी हात ठेवले. त्यांनी शाल काढली नव्हती.

आज समजलं की बाबा सगळ्यांना सांगतायत, 'मृदुलाची तब्येत बरी नाही. पुरापासून मनावर परिणाम झालाय.' काय बोलणार? हे कसं करायचं हे ते माझ्याकडूनच शिकले असतील.

तुझ्या ओळीचं उत्तर: रेवाबा चालायला लागल्या की मी इथे नसेन.

आई


सावली
१५ डिसेंबर २०२४

प्रिय ध्रुव,

वरचा पत्ता नवा आहे. सरोजिनी, माझ्याबरोबर शाळेत विज्ञान शिकवायची ती, तिच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्यात. सावली म्हणजे गाव म्हणावं तर कारखाने, शहर म्हणावं तर शेतं. सकाळी तुरीच्या शेतावरून धुकं उठतं आणि त्यात रसायनाचा वास असतो. चालेल. पेन्शन माझी मला पुरते. जवळच्या शाळेतल्या मुलींना नकाशावाचन शिकवायला या म्हणून विचारलंय.

रेवाबा गेल्या आठवड्यात वॉकर घेऊन आपल्या घरी गेल्या. कांचनने भिंतींना चुना लावून घेतला. निघताना रेवाबांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि बाबांनाही हात जोडले. कांचनने जोडले नाहीत. मागचं फाटक अजून बंदच आहे. मी सर्वसाधारण सभेत मुद्दा मांडला, माझ्या बाजूने एकच हात वर आला, तळमजल्यावरच्या जोश्यांचा. संडासाला तयार नसणारे ते हेच जोशी. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं म्हणे.

निघाले त्या दिवसाबद्दल लिहायचं राहिलंय. तेवढं लिहिते.

सकाळची वेळ होती. मी दोन बॅगा दाराशी आणून ठेवल्या. अरविंद टेबलाशी बसले होते. हो, त्यांना आता मी अरविंद म्हणते. तोंडावरही म्हणाले, त्यांनी चमकून पाहिलं. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. लोक काय म्हणतील, स्वयंपाकाचं काय, या वयात हे काय, असं सगळं ऐकायची मी तयारी ठेवली होती. उत्तरं पाठ केली होती. त्यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. तुझं नाव काढलं नाही. जायचंच का, असंही म्हणाले नाहीत.

मी चपला घालत होते तेव्हा म्हणाले, 'मृदुला, एक सांगून जा.'

'काय?'

'पाणथळ्यांचं पुढे काय होतं?'

मला वाटलं टोमणा आहे. मी वर पाहिलं.

'त्यांच्या मागे जे लागलं होतं ते कोटापर्यंत येतं का? तू सांगितलंच नाहीस. नकाशा उचललास आणि... नदीकाठी वसवलं असतं त्यांना मी. वाचतात का ते? तेवढं सांग. वीरधवल वाचवतो ना त्यांना?'

आणि त्यांचे डोळे भरलेले होते. ध्रुव, मी या माणसाला चाळीस वर्षं ओळखते. स्वतःच्या भावाच्या तेराव्याला त्यांनी डोळ्यांत आणलेलं पाणी खोटं होतं, सत्काराच्या वेळचं खोटं होतं, मला लांबून कळतं. हे खरं होतं. फाटकाशी उभ्या असलेल्या रेवाबांसाठी आलं नाही, तू गेलास तेव्हा आलं नाही, मी दाराशी बॅगा घेऊन उभी होते तेव्हाही माझ्यासाठी आलं नाही. मी एका रविवारी दुपारी चहा उकळेपर्यंत बसून रचलेल्या माणसांसाठी ते आलं होतं, अगदी आतून.

तोवर मी त्यांना ढोंगी समजत होते. ढोंग्याचा राग येतो, आणि राग आला की माणूस भांडतो, भांडून पुन्हा जेवायला बसतो. मी कितीदा बसले. पण हा माणूस ढोंग करत नव्हता. त्याच्याकडे दया होती, भरपूर होती, आणि ती सगळी त्याने तिकडे नेऊन ठेवली होती जिथे कुणाला लागणार नाही. माझ्या अंगावर शहारा आला. झुरळ अंगावरून गेलं की येतो तसा.

मी सांगितलं नाही. मला माहीतही नव्हतं, पण रचून सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. 'वाचतात' म्हटलं असतं तर त्यांना शांत झोप लागली असती.

जिन्यात सौमित्र भेटला. 'काकू, द्या,' म्हणून बॅग घ्यायला हात पुढे केला. चांगला मुलगा आहे, कुणाचंही ओझं दिसलं की हात पुढे करतो. मी बॅग दिली नाही. दोन्ही माझ्या मीच खाली आणल्या.

आई